सपकाळ सरांचं बोट

कॅप्टन त्र्यंबक सपकाळ यांच्याबद्दल काहीतरी लिहून द्या, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. आमच्या कंपनीतल्या निवृत्त वैमानिकांचं एक वार्षिक निघतं, त्यांनी दोनदा सांगितलं. धावड्याच्या शाळेनं सांगितलं. दर वेळी मी डोळ्यांचं कारण पुढे केलं. डोळ्यांना काही झालेलं नाही. जालन्यातल्या माझ्या गच्चीवरून दूरच्या कारखान्याच्या धुराड्यावर बसलेली घार मला अजून चष्म्याशिवाय दिसते. अडचण अशी होती की सपकाळ सरांबद्दल खरं लिहायचं तर त्यात मी येतो. मला वगळून लिहिलं तर मी इतकी वर्षं वर्गात जे सांगत आलो तेच पुन्हा लिहिल्यासारखं होईल. ते अगदीच खोटं होतं असंही नाही. त्यात फक्त एक माणूस कमी होता.

सर गेले तेव्हा धावड्यात शोकसभा झाली. मला बोलायला उभं केलं. शिस्त, साधेपणा, मातीशी नाळ, असं सगळं बोललो. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, तरी दोघांनी वाजवल्या. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, पुढच्या सतरंजीवर बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, टाळ्या वाजवणाऱ्यांकडे नाही. घरी आल्यावर मी हे लिहायला घेतलं.

सरांची पहिली भेट विमानातच झाली. मी नवा सहवैमानिक, ते डाव्या खुर्चीतले कॅप्टन आणि शिवाय परीक्षक, म्हणजे दुसऱ्या वैमानिकांना पास-नापास करणारे. बुटके, रुंद, कानांवर केस. गणवेशाचा शर्ट त्यांच्या अंगावर कुणाचा तरी मागून आणल्यासारखा दिसायचा. माझं आडनाव वाचून त्यांनी विचारलं, "गाव?"

"जालना, सर."

"जालना लई मोठं हाय. गाव सांग."

"टेंभुर्णी."

"टेंभुर्ण्या चार-दोन हायेत."

"जाफराबादची."

"मंग तसं म्हण की. मी धावड्याचा. भोकरदन तालुका." एवढं बोलून त्यांनी मान वळवली आणि त्या दिवसापासून माझं नाव टेंभुर्णी झालं. माझं खरं नाव त्यांनी एकदाच, चौकशीच्या खोलीबाहेर, घेतलं. त्याच्यावर पुढे येतो.

सरांच्या उजव्या हाताची तर्जनी शेवटच्या पेरात वाकडी होती. लहानपणी कडबा तोडताना काहीतरी झालेलं. आणि नेमकं तेच बोट त्यांच्या कामाचं हत्यार होतं.

ज्यांना विमानाचं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आकाशात कुणी किती उंचीवर उडायचं हे जमिनीवरचा नियंत्रक ठरवतो आणि रेडिओवर सांगतो. कॉकपिटमध्ये समोर एक छोटी चौकोनी खिडकी असते, तिच्यात आकडे असतात. खालचं बटण फिरवून सांगितलेली उंची त्या खिडकीत लावायची. विमान मुकाट्याने त्या उंचीवर जातं आणि थांबतं. आमच्या कंपनीत जो रेडिओवर बोलतो त्यानं आकडा लावायचा आणि दोघांनी त्या आकड्याकडे बोट करून तो मोठ्यानं म्हणायचा. काम एवढंच. शाळेतल्या पोरालाही जमेल. आणि हजारो तास उडालेली माणसं हे विसरतात, कारण तेवढ्यात हवाई सुंदरी चहाचं विचारते, नाहीतर कागद खाली पडतो, नाहीतर कुणाला तरी काहीतरी आठवतं.

सर बोट करायचे तेव्हा ते वाकड्या पेरामुळे शेजारच्या वेगाच्या खिडकीकडे केल्यासारखं वाटायचं. नवे सहवैमानिक गोंधळून वेगाचा आकडा वाचायचे. सर शांतपणे म्हणायचे, "बोटाकडं बघू नको. मी कुठं बघून राह्यलो ते बघ."

आकडा म्हटला की ते "बराबर" म्हणायचे. ह्या "बराबर"चा अर्थ मला कळायला वर्ष गेलं. एकदा नियंत्रकानं आम्हाला फारच खाली, ढगात ठेवलं. मी आकडा लावला, सर म्हणाले, "बराबर." मी म्हणालो, "सर, हा आकडा बरा नाही." ते म्हणाले, "बरा हाय असं कोण म्हणालं? तू म्हणला तो अन् मी ऐकला तो एकच हाय, एवढंच म्हणलो."

आणि दुसरं त्यांचं वाक्य, जे मी पुढे माझं म्हणून खपवलं: "ऐकलं म्हणू नको. काय ऐकलं ते म्हण."

हे वाक्य त्यांनी विमानापुरतं ठेवलं असतं तर त्यांच्या घरच्यांचं आयुष्य सोपं गेलं असतं. भोकरदनच्या स्टँडसमोर एका चाचांची चहाची टपरी होती. मी एकदा सुट्टीत सरांबरोबर तिथे गेलो. सर म्हणाले, "दोन चहा, एक बिनसाखरेचा."

"हौ," चाचा म्हणाले.

"हौ काय? काय ऐकलं?"

चाचांनी किटली खाली ठेवली. "दो चाय, एक फीकी. और कॅप्टनसाब, टपरीपे उतरनेकी परमिशन है, बैठ जाओ." बाकावरचे सगळे हसले. सर हसले नाहीत. चहा आल्यावर त्यांनी आधी ग्लासांकडे बोट केलं, बिनसाखरेचा कुठला ते विचारून घेतलं, "बराबर" म्हणाले, आणि मग हसले.

घरी तर वहिनींना भाजीत मीठ घातल्यावर तसं मोठ्यानं म्हणावं लागायचं. सुरुवातीला त्या चिडायच्या. पुढे त्यांनी ते हत्यार उलटं धरलं. सर धावड्याहून निघाले की त्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "पुढल्या महिन्यात पोरीच्या शाळेत यायचंय. काय ऐकलं?" आणि सर पिशवी खांद्यावर घेऊन, गल्लीतल्या लोकांसमोर, शाळा, महिना आणि वार सगळं म्हणून दाखवायचे. तरी ते गेले नाहीत, असं वहिनी सांगतात. ऐकण्यात काही चूक नव्हती.

कंपनीचा एक नियम होता, सगळीकडेच असतो: दहा हजार फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये कामाशिवाय शब्द बोलायचा नाही. सरांचा नियम त्याहून कडक. विमान वर जाऊन स्थिर झालं की ते खुर्ची मागे सरकवायचे आणि म्हणायचे, "हं टेंभुर्णी, गाव चालू." मग मोसंबीचा बहार, जाफराबादच्या बाजारातले बैल, कुणाची सोयरीक, कुणाचा बांध. आणि उतरण्यासाठी विमानाचं नाक खाली झालं की, दहा हजार असो की तीस हजार, ते म्हणायचे, "गाव बंद." मग वाक्य अर्ध्यात असलं तरी तिथेच तुटायचं.

एकदा मी माझ्या मामेबहिणीच्या लग्नातली भांडणं रंगात येऊन सांगत होतो. "आणि मामानं भरलं ताट उचललं आणि," इथे आलो तेव्हा सर म्हणाले, "गाव बंद." उतरलो. त्यानंतर आमची दोघांची उड्डाणं जुळली नाहीत. दीडएक महिन्यानं पुन्हा एकत्र आलो, विमान वर स्थिर झालं, सरांनी खुर्ची मागे सरकवली. "हं. मामानं ताट उचललं. मंग?"

असा माणूस. आता त्याच्या विहिरीबद्दल सांगायला हवं.

उंचीचा फूट न् फूट सांभाळणाऱ्या ह्या माणसाला खोलीच्या बाबतीत कधी यश आलं नाही. धावडा अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. सरांची जमीन चांगली होती, पाणी नव्हतं. विहीर कुठे खणायची हे ठरवायला त्यांनी पाणाडी बोलावला, तो तळहातावर नारळ ठेवून शेतातून चालतो आणि नारळ उभा राहतो तिथे पाणी. कॉकपिटमध्ये एकाच यंत्रावर विश्वास ठेवला तर हेच सर आम्हाला नापास करत. नारळावर त्यांचा विश्वास होता. फक्त त्यांनी एक दक्षता घेतली: पहिल्याला न सांगता दुसरा पाणाडी दुसऱ्या गावाहून बोलावला. पडताळणी. पहिल्याचा नारळ बांधाजवळच्या लिंबाखाली उभा राहिला, दुसऱ्याचा पार खालच्या बाजूला. दोघांत मोठी तफावत. सरांनी विचार करून दोन्हींच्या बरोबर मधोमध विहीर खणायला घेतली.

गावात हा विनोद पुढे बरीच वर्षं चालला. विहीर सात परस, म्हणजे चाळीसेक फूट, खाली गेली, कोरडी. सर पगार झाला की सुट्टी घेत आणि विहिरीच्या काठावर उभे राहून खाली बघत. त्यांचे मेहुणे श्रीरंगराव काम बघायचे. ते मला म्हणाले होते, "दाजी वर असले की खालचं बोलतेत, खाली आले की वरचं. विहिरीजवळ उभं ऱ्हाऊन मला ढग शिकवतेत."

तो दिवस हिवाळ्यातला होता. आम्ही दिल्लीहून औरंगाबादला येणार होतो. तेव्हा शहराचं नाव तेच होतं. विमानाच्या शिडीपाशी असताना माझा मोबाईल वाजला. श्रीरंगराव.

"दाजी कुठं हायेत? त्यांचा फोन बंद येऊन राह्यला."

सर विमानतळाच्या दारात पाय ठेवला की फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकत. मी म्हणालो, "वर बसलेत. काय झालं?"

"पाणी लागलं. त्यांना सांगा जल्दी. सकाळीच लागलं. चांगलं गुडघाभर आलंय. आता न्हाई थांबत ते."

मी शिडी चढलो. सर तपासण्या करत होते, त्यामुळे लगेच सांगितलं नाही. हे बरोबरच होतं. वर गेल्यावर सांगायचं होतं. सरांनी खुर्ची मागे सरकवली, म्हणाले, "गाव चालू," आणि स्वतःच विहिरीवर आले. म्हणाले, "आता बंद करतो टेंभुर्णी. तुझी वहिनी म्हणते, एवढ्या खर्चात जालन्यात नळाला सोन्याची तोटी बसली असती. ह्या हंगामात न्हाई लागलं तर बुजवून टाकतो."

तेव्हाही मी सांगितलं नाही. माझ्या डोक्यात एक नाटक तयार झालं होतं. उतरताना आपण अजिंठ्याच्या डोंगरावरून येतो. सरांच्या डाव्या हाताच्या खिडकीत धावडा येतं. हवा स्वच्छ असली की गावाबाहेरचा पांढरा रस्ता दिसतो आणि सरांचं शेतही. ते स्वतःच्या शेतावर असताना त्यांना सांगायचं. असं भाग्य जिल्ह्यात कुणाला मिळालंय? मी बातमी गोळीसारखी गालात धरून बसलो आणि सर विहीर बुजवायला किती मुरूम लागेल ते सांगत राहिले.

नाक खाली झालं. "गाव बंद," सर म्हणाले. नियंत्रकानं नऊ हजार फुटांपर्यंत खाली यायला सांगितलं. मी खिडकीत नऊ हजार लावले. वाकडं बोट आलं, माझं बोट गेलं. "नऊ हजार." "बराबर."

डोंगर आला. मी म्हणालो, "सर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नियम मला माहीत होता, त्यांना वाटलं कामाचं असेल.

"खाली बघा, सर. तुमच्या विहिरीला पाणी लागलंय. श्रीरंगरावांचा फोन होता."

मी त्यांच्याबरोबर किती उडालो असेन त्याचा हिशेब नाही, पण तेवढ्या वर्षांत त्यांनी उतरताना मान पूर्ण डावीकडे वळवलेली मी तेव्हाच बघितली. कपाळ काचेला टेकलं होतं. "कितीक लागलं?" ते म्हणाले. नियम त्यांनीच मोडला, एका प्रश्नानं. मी उत्तर देऊ लागलो आणि त्याच वेळी रेडिओवर नियंत्रक बोलला: पंधरा हजारांवर थांबा, तुमच्या खालून एक विमान आडवं जातंय. मी रेडिओवर स्पष्ट म्हणालो, पंधरा हजारांवर थांबतो. आणि रेडिओचं बटण सोडून सरांना म्हणालो, "गुडघाभर, आणि वाढतंय."

तोंडानं दोन्ही कामं केली. हातानं एकही केलं नाही. खिडकीत नऊ हजार तसेच राहिले. विमानाला कुणी सांगितलंच नव्हतं, ते पंधरा हजारांतून खाली निघून गेलं.

पुढचं फार थोडं आहे. नियंत्रकाचा आवाज बदलला. आमच्या यंत्रानं वर चढा, वर चढा म्हणून ओरडायला सुरुवात केली. सरांची मान वळली, ऑटोपायलट सुटला, विमान वर गेलं. हे सगळं त्यांनी एका हालचालीत केलं. खालून दुसऱ्या विमानाची पाठ आणि शेपटी सरकत गेली. शेपटीवरचं चित्र मला ओळखता आलं. मागे प्रवाशांचा संत्र्याचा रस सांडला, एवढंच झालं. सरांनी पंधरा हजारांचा आकडा स्वतः लावला, बोट केलं आणि माझी वाट बघितली.

"पंधरा हजार," मी म्हणालो.

"बराबर."

उरलेला प्रत्येक आकडा असाच म्हणत आम्ही खाली आलो.

चौकशी झाली. कॉकपिटमधलं बोलणं टिपणारं यंत्र तेव्हा फक्त शेवटचा अर्धा तास ठेवायचं. ते विमान आमच्यामागून दुसरे वैमानिक पुढे मुंबईला घेऊन गेले, त्यामुळे आमच्या बोलण्यावर त्यांचं बोलणं चढलं होतं. राहिलो आम्ही दोघं. सर आधी आत गेले. त्यांनी काय सांगितलं ते मला नंतर कळलं: विमान माझं, आकडा बघणं माझं काम, मी बाहेर बघत होतो. कशाला, असं विचारल्यावर म्हणाले, खाली माझी जमीन आहे. त्यांनी माझं नाव घेतलं नाही आणि पाण्याचंही.

मग मी. तिघं बसले होते. आकडा का लावला नाही? मी म्हणालो, दुसऱ्या रेडिओवर हवामान घेत होतो, हात नेणार तेवढ्यात इशारा वाजला. हवामान मी त्याच्या बरंच आधी घेऊन ठेवलं होतं. मधल्या साहेबांनी पुढचा प्रश्न कागदावरून वाचला, "त्या वेळी कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त बोलणं चालू होतं का?" आणि वाचता वाचता त्यांनाच हसू आलं. "सपकाळांच्या कॉकपिटमध्ये? उतरताना?" बाकीचे दोघंही हसले. ह्या माणसाच्या शिस्तीवर सगळ्यांचा इतका विश्वास होता की मला खोटं बोलायचे कष्टही पडले नाहीत. मी मान हलवली.

बाहेर सर बाकावर बसले होते. तेव्हा त्यांनी मला माझ्या खऱ्या नावानं हाक मारली. म्हणाले, "काय विचारलं?"

"बोलणं चालू होतं का, असं."

"मंग?"

"मी मान हलवली."

"कोणीकडं?"

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो. मग म्हणालो, "नाही म्हणून."

सर माझ्याकडे बघत होते. "बराबर," ते म्हणाले आणि चहा कुठे मिळतो ते बघायला उठले.

मला ताकीद मिळाली. सरांचं परीक्षकपद गेलं. पद गेलेला परीक्षक कंपनीत कसा वावरतो ते मी बघितलंय. ज्यांना नापास केलं होतं ती पोरं जिन्यात नमस्कार करायची आणि पाठ वळली की वाकडं बोट करून दाखवायची. काही महिने उडून त्यांनी मुदतीच्या आधी राजीनामा दिला आणि धावड्याला गेले. श्रीरंगरावांनी सांगितलेलं पाणी तोवर केव्हाच आटलं होतं. नुसता पाझर होता. आठवडाभरात खाली चिखल आणि बेडूक.

मी यथाकाळ कॅप्टन झालो, मग प्रशिक्षक झालो. सरांची बोट करायची पद्धत मी वर्गात शिकवली, "काय ऐकलं ते म्हण" शिकवलं, आणि लक्ष उडालं की काय होतं ते समजवायला उदाहरण हवं म्हणून सरांचंच दिलं. नाव घेत नव्हतो. 'एक अत्यंत शिस्तीचे कॅप्टन होते, त्यांना उतरताना स्वतःचं शेत दिसलं.' इथे थांबायचो. मग, 'तुमचंही प्रत्येकाचं एक शेत असतं.' वर्ग हसायचा. हे वाक्य फार चांगलं चालायचं. दुसऱ्या कंपन्यांनीही मला ते बोलायला बोलावलं.

धावड्याला मी वर्षा-दोन वर्षांनी जायचो. दर वेळी जाताना, ह्या खेपेला कबूल करायचं, असं मनाशी ठरवून जायचो आणि येताना मोसंबीची पिशवी घेऊन यायचो. मोसंबी घरचीच, कारण सरांनी पूर्ण वेळ विहिरीला दिला होता, आत आडवी बोअर मारली, आणि पाणी खरंच लागलं होतं. बाग उभी राहिली. सर शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरसमोर उभे राहायचे, बोट करायचे, "मोटर चालू," म्हणायचे आणि सालदार गड्यानं "मोटर चालू" म्हटल्याशिवाय बटण दाबायचे नाहीत.

शेवटचं गेलो तेव्हा सर फार थकले होते. कान जवळजवळ गेले होते, शांततेत जवळून मोठ्यानं बोललं तरच ऐकू जायचं. ऐकायचं यंत्र फडताळात असायचं. म्हणायचे, "त्यात कामाचं अन् बिनकामाचं सारखंच मोठं ऐकू येतं." दुपारी जेवायला बसलो. वहिनींनी भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "तुमच्या हाताला गुण हाय बघा. ह्या पाण्याची बातमी तुम्हीच दिल्ती ना यांना. विमानात, बराबर आपल्या शेताच्या वर."

मी विचारलं, "तुम्हाला सर बोलले होते?"

"त्याच दिवशी बोलले. म्हणले, पोराला धीर निघाला न्हाई." त्यांनी माझ्या ताटात ठेचा घातला. "चौकशीचं बी सांगितलं. मी लई भांडले तवा. म्हणलं, तुम्ही काहून न्हाई बोलले? तर म्हणतेत, त्याची खुर्ची उजवीकडं हाय, माझी डावीकडं, जबाबदारी डावीकडच्याची. आता काय त्याचं. तिथं नोकरीत ऱ्हायले असते तर विहीर तशीच कोरडी ऱ्हायली असती."

हे त्या मला दुखवायला म्हणाल्या की बरं वाटावं म्हणून, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि शोकसभेतही कळलं नाही. सर खाली बघून जेवत होते. अचानक मान वर करून, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "वर्गात माझी गोष्ट सांगतो म्हणं तू? एक पोरगा आल्ता जालन्याचा, तो सांगून गेला."

मी मान हलवली. ह्या वेळी कोणीकडं ते त्यांना दिसलं.

"पोरं हसतेत का?"

"हसतात, सर."

"मंग ध्यानात ऱ्हाईल त्यांच्या," ते म्हणाले आणि पुढची भाकरी मोडली.

जेवण झाल्यावर ते मला विहिरीवर घेऊन गेले. मोटार चालू होती, पाट भरून पाणी बागेत चाललं होतं. सालदार गावात गेला होता. आम्ही दोघंच. सर काठावर उभे राहून खाली बघत होते आणि मी त्यांच्या उजव्या हाताला उभा होतो, जिथे नेहमी असायचो. मोटारीचा आवाज एवढा होता की माझा मलाच आवाज येत नव्हता. कदाचित म्हणूनच बोलू शकलो. म्हणालो, "सर, आकडा मी लावला नव्हता. हवामान घेत नव्हतो, तुमच्याशी बोलत होतो. विचारलं तेव्हा नाही म्हणालो. वर्गात सांगतानाही मी स्वतःला काढून टाकलं. माझं चुकलं."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. माझं बोलणं संपलं. मग म्हणाले, "ऐकलं."

ह्या माणसानं आयुष्यात कुणाचं नुसतं "ऐकलं" चालवून घेतलं नव्हतं. चहावाल्याचं नाही, बायकोचं नाही. आता विचारायची पाळी माझी होती. 'काय ऐकलं ते म्हणा, सर,' एवढंच. मी विचारलं नाही. त्यांना काहीच ऐकू गेलं नसेल ही एक भीती होती, आणि त्यांनी सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं असतं ही दुसरी.

त्यांनी हात वर केला. वाकडं बोट स्टार्टर सोडून बांधाजवळच्या लिंबाकडे केल्यासारखं दिसलं. मी बोटाकडे बघितलं नाही, ते कुठे बघतायत ते बघितलं.

"मोटर बंद," सर म्हणाले.

"मोटर बंद," मी म्हणालो.

"बराबर." त्यांनी बटण दाबलं.

एकदम सगळं शांत झालं. खाली पाणी हलायचं थांबलं होतं. पाटातला शेवटचा आवाज बागेकडे गेला. आता मोठ्यानं बोललो असतो तर शब्द न् शब्द ऐकू गेला असता, आणि सरही तसे उभे होते, हात मागे बांधून, मान थोडी माझ्याकडे कलती करून.

"येतो, सर," मी म्हणालो.

"येतो," त्यांनी म्हणून दाखवलं. आणि बोट थोडंसं वर करून, "बराबर."